आवाज आहे, चित्र नाही

कामरगावच्या शालिग्रामला नाही म्हणता येत नसे. देवळाच्या वर्गणीवाल्याला नाही म्हणता येत नसे, वखर मागायला आलेल्या शेजाऱ्याला नाही म्हणता येत नसे, आणि त्या रविवारी सकाळी तर तो लॅपटॉपलाही नाही म्हणू शकला नाही.

लॅपटॉप धाकट्या लेकीचा, संस्कृतीचा. ती कारंज्याला कम्प्युटर शिकवायची, आणि आठ दिवसांवर तिचं लग्न आलं होतं. ती आंघोळीला गेली आहे असं पाहून शालिग्रामने हळूच झाकण उघडलं. थोरल्या वैभवीच्या लग्नाचा व्हिडिओ एकदा लावून पाहावा, एवढाच त्याचा विचार. पण व्हिडिओ सुरू व्हायच्या आत पडद्यावर इंग्रजीत एक चौकोन आला. त्यात दोन बटणं, एक फिकट आणि एक निळं ठसठशीत. शालिग्रामला इंग्रजी येत नव्हतं, पण कोणीतरी अदबीने काहीतरी विचारतंय एवढं त्याला कळलं. लग्नघरात आलेल्याला नाही म्हणू नये. त्याने निळं बटण दाबलं. एक रेघ इकडून तिकडे सरकत गेली, संपली, आणि सगळं शांत झालं. त्याने समाधानाने झाकण लावलं आणि व्हिडिओ पाहायचं विसरून गोठ्याकडे गेला.

आता या व्हिडिओवर काय अवलंबून होतं ते सांगायला हवं. शालिग्रामची एकुलती एक बहीण ज्योत्स्ना अकरा वर्षं माहेरी आली नव्हती. कारण एक टोपी.

वैभवीच्या लग्नात मांडवात मानाच्या लोकांना टोपी-दुपट्टा देत होते. शालिग्राम एकेकाच्या डोक्यावर टोपी ठेवत होता, खांद्यावर दुपट्टा टाकत होता, आणि माईकवर ग्यानबा गुरुजी नावं पुकारत होते. जेवणावळी उठल्या, वरात गेली, आणि दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नाचा नवरा हरीओम म्हणाला, "साऱ्या गावाले टोपी देली, घरच्या जवायाले नाई देली." शालिग्राम म्हणाला, "म्या सोताच्या हातानं देली." तो म्हणाला नाही, हा म्हणाला हो. हरीओमने आपल्या गावी, शेलूबाजारला जाऊन जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. बायकोलाही पाठवलं नाही.

व्हिडिओ होता ना, मग दाखवला का नाही, असं कोणीही विचारेल. पण ही दोन्ही माणसं वऱ्हाडातली. शालिग्राम म्हणे, "मी कायले पुरावा देऊ? हे काय कोर्ट हाये?" आणि हरीओम म्हणे, "माह्या डोक्यावर टोपी होती का नोती, हे मले पिच्चर पाहून समजन काय?" अकरा वर्षं गेली. शेवटी संस्कृतीचं लग्न ठरलं तेव्हा ज्योत्स्नाने दोघांनाही फोनवर खडसावलं, "तुमी दोघं एक डाव सोबत बसून ते पाहून घ्या. नाईतर मी कोणाचीच नाई." त्यावर हरीओम कबूल झाला, पण शपथ घेऊनच: व्हिडिओत टोपी दिसेपर्यंत त्या घरात पाण्याचा थेंब घेणार नाही, उंबरठा ओलांडणार नाही.

शालिग्राम निर्धास्त होता. दर दिवाळीला तो हा व्हिडिओ लावायचा. टोपी हरीओमच्या डोक्यावर टेकली रे टेकली की तो व्हिडिओ तिथेच थांबवायचा, मागे वळून सगळ्यांच्या तोंडाकडे पाहायचा आणि म्हणायचा, "पाह्यलं? देली का नाई?"

अकरा वाजता हरीओमची मोटरसायकल अंगणात आली. वैशाखातलं ऊन नुसतं भाजून काढत होतं. हरीओम कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. ज्योत्स्ना ओसरीच्या पायरीवर टेकली. शालिग्रामची बायको सोजरबाई तांब्या घेऊन धावली.

"पाणी घ्या जवाईबापू. उन्हातून आले."

"पह्यलं पिच्चर, वैनी. मंग पाणी."

सोजरबाईने तांब्या नणंदेपुढे केला. ज्योत्स्नाने मान हलवली. नवरा तहानलेला असताना ती कशी पिणार. ती आतल्या स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिली. बहीण अकरा वर्षांनी दारात आली होती आणि पायरीवर परक्यासारखी बसली होती. पाच मिनिटांची गोष्ट आहे, शालिग्रामने स्वतःला समजावलं, आणि सोजरबाईला म्हणाला, "चहा टाक, हे झालंच पाय."

संस्कृतीने लॅपटॉप झाडाखाली स्टुलावर ठेवला. उन्हाच्या झळाळीत पडद्यावर काही दिसेना. हरीओम ओसरीवर यायला तयार नाही. मग सोजरबाईने सोलापुरी चादर आणली, आणि अकरा वर्षांचे दोन वैरी एका चादरीखाली डोक्याला डोकं लावून बसले. दोघांच्याही कपाळावरून घाम निथळत होता.

संस्कृतीने व्हिडिओ लावला. सनई वाजली, पोरं ओरडली, बँडवाल्याने सूर धरला. पडदा मात्र काळा ठिक्कर.

"हे काय?" हरीओम म्हणाला.

"आवाज हाये, चित्र नाई," संस्कृती म्हणाली. तिने बंद करून पुन्हा लावलं. लॅपटॉप बंद करून सुरू केला. तेच. तिने वरची एक ओळ वाचली आणि कपाळाला हात लावला. "प्लेयर अपडेट झाला. बाबा, याले कोणी हात लावला काय?"

"मी कायले लावू?" शालिग्राम चादरीतून म्हणाला. "लाईन जाऊन-येऊन राह्यली न, त्यानं झालं असन."

खोटं त्याला जमत नसे. पण चादरीत तोंड कोणाला दिसत नव्हतं, तेवढंच बरं.

"बिनाचित्राचंच चालव," तो घाईने म्हणाला. "नाव पुकारलेलं तं ऐकू येईन."

संस्कृतीने पुढे सरकवलं. काळ्या पडद्यातून ग्यानबा गुरुजींचा घसा बसलेला आवाज आला, "आता शेलूबाजारचे आपले लाडके जवाई हरीओमभाऊ, यांनी टोपी-दुपट्ट्यासाठी समोर यावं!"

शालिग्रामने चादरीतच हरीओमच्या मांडीवर थाप मारली. "ऐकलं?"

"नाव पुकारलं," हरीओम कोरड्या घशाने म्हणाला. "नाव तं मतदार यादीतबी रायते. म्हणून काय मत पडलं?"

आत चहा उकळून उकळून काळा झाला, सोजरबाईने गॅस बंद केला.

संस्कृती वैतागली नाही. वर्गात चाळीस पोरांना शिकवून तिचा पिंडच तसा झाला होता. तिने प्लेयरच्या पोटात शिरून एकेक खिट्टी तपासली. जुना व्हिडिओ, नवा प्लेयर, त्यांचं सासू-सुनेसारखं पटत नाहीये, असं तिने समजावलं. मग सगळ्या सेटिंग काढून पहिल्यासारख्या केल्या. यात अर्धा तास गेला. हरीओमने दोनदा तांब्याकडे पाहिलं, दोनदा मान वळवली.

"आलं!" संस्कृती ओरडली.

चित्र आलं. मांडव, झालरी, घामाघूम वऱ्हाडी. आणि आवाज गेला. ग्यानबा गुरुजी माईकसमोर नुसते तोंड हलवत होते.

"राहू दे आवाज, आवाज झाला ऐकून," शालिग्राम म्हणाला. पडद्यावर अकरा वर्षांनी तरुण हरीओम पुढे आला. तेव्हा केस काळे होते, होतेही बरेच. तरुण शालिग्रामने पांढरी टोपी उचलली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. आणि तिथेच चित्र गोठलं. लॅपटॉप घुरघुरला, एक चकती गोल गोल फिरू लागली. पण टोपी हरीओमच्या डोक्यावर होती, स्वच्छ दिसत होती.

शालिग्रामने चादर उडवून दिली आणि सवयीप्रमाणे सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "पाह्यलं? देली का नाई?"

हरीओमचा चेहरा पडला. तो पडद्याकडे पाहत राहिला, मग स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत पुटपुटला, "मले तं... मले तं वाटलं नाईच घातली." खाली मान घालून त्याने तांब्याकडे हात नेला. अकरा वर्षं रुसून बसलेला माणूस असा ओशाळलेला पाहून शालिग्रामला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही. खोटं कशाला बोला, भरपूर झाला.

"थांबा," पायरीवरून ज्योत्स्ना म्हणाली. "पुढचं चालव, संस्कृती."

"आता पुढचं कायले?" शालिग्राम म्हणाला.

"चालव म्हणलं न. आवाजासकट."

संस्कृतीने आत्याकडे पाहिलं, मग नवा प्लेयर काढून टाकला आणि मोबाईलचं नेट जोडून जुना उतरवायला घेतला. रेघ सरकू लागली. सकाळी सरकली तशीच, फक्त आता मुंगीच्या पावलांनी. पंधरा मिनिटं गेली. तांब्या हरीओमच्या पायाशी तसाच राहिला. दोघं पुन्हा चादरीखाली गेले. यावेळी शालिग्राम पडद्यावरून नजर काढणार नव्हता, कारण बहिणीचा आवाज त्याला बरा वाटला नव्हता.

चित्र आलं, आवाजही आला. गुरुजींनी नाव पुकारलं, टोपी डोक्यावर बसली, टाळ्या पडल्या. एवढं शालिग्रामने पंचवीस वेळा पाहिलं असेल. त्याच्या पुढचं त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

मांडवाच्या दारातून व्याह्यांच्या आजोळची तीन माणसं घाईघाईने आत आली. जीप नादुरुस्त झाली म्हणून उशीर झालेली. पडद्यावरच्या शालिग्रामने टोपल्यात हात घातला. टोपल्यात दोनच टोप्या. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग हरीओमच्या डोक्यावरची टोपी सपकन उचलली, खांद्यावरचा दुपट्टा ओढला, आणि बाजूच्या माईकमधून त्याचं बोलणं साऱ्या मांडवात घुमलं, "आण इकडं ते. तू तं घरचाच हायेस."

मांडवात हसू उसळलं. पडद्यावरचा हरीओमही हसला, तोंडदेखलं. उघड्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, खाली ठेवलेला पाण्याचा जग उचलला आणि त्या आजोळवाल्यांना पाणी द्यायला लागला. कोपऱ्यात ज्योत्स्ना उभी होती. ती हसत नव्हती.

संस्कृतीने व्हिडिओ थांबवला.

शालिग्रामला आता सगळं आठवलं. त्यात काही वावगं केलं असं त्याला तेव्हा वाटलंच नव्हतं. कमी पडलं की घरच्याचं काढायचं, परक्याला द्यायचं, ही त्याच्या बापाची रीत, आज्याची रीत. परक्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून ती नाही नेहमी घरच्यांच्या वाट्याला जाते, हे मात्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला भयंकर लाज वाटली.

त्याने चादर काढली. "ज्योत्स्ना, तुले माईत होतं?"

"मी तिथंच उभी होती न, भाऊ."

"मंग सांगतलं काहून नाई?" दोन्ही पुरुष एकदमच म्हणाले.

"अकरा वर्षांत मले इचारलं कोणी?" ज्योत्स्ना म्हणाली. "हे म्हणले असते, भावाकडून बोलते. तू म्हणला असता, नवऱ्याकडून बोलते. टोपी घातलेली तुह्या ध्यानात राह्यली, उघडं डोकं यायच्या. मी दोन्ही पाह्यलं आन् माहेर माहं बंद झालं. म्हणून म्हटलं, मशीनलेच सांगू द्या."

सोजरबाईने पदर डोळ्याला लावला. शालिग्राम उठला. सोजरबाईच्या आधी त्याने स्वतः तांब्या उचलला, ओतून टाकला, माठातलं गार पाणी भरून आणलं आणि हरीओमपुढे वाकून धरला. "चुकलो, जवाईबापू. आन् संस्कृती, ते निळं बटन सकाळी म्याच दाबलं."

"ते मले तवाच समजलं," संस्कृती म्हणाली.

हरीओमने तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. मिशा पुसल्या. "चूक माहीबी हाये," तो म्हणाला. "घातलेली इसरलो. उघडं डोकं तेवढं ध्यानात ठेवलं."

शालिग्राम घरात गेला आणि लग्नासाठी आणलेलं गाठोडं सोडून एक कोरी टोपी घेऊन आला. भर अंगणात, ना माईक ना मांडव, त्याने ती हरीओमच्या डोक्यावर ठेवली. जरा वाकडी बसली म्हणून नीट करायला हात पुढे केला, तर हरीओमने दोन्ही हातांनी टोपी गच्च धरली.

"हात नका लावू. वाकडी त वाकडी."

संस्कृती हसत सुटली, मग सोजरबाई, मग शालिग्रामही, डोळे पुसत. हसता हसता त्याने सवयीने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पायरी रिकामी होती. उंबऱ्याशी ज्योत्स्नाच्या चपला काढलेल्या होत्या, आणि आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"वैनी," स्वयंपाकघरातून तिने हाक मारली, "साखरेचा डबा अजून फळीवरच ठेवता न?"

"तिथंच हाये, बाई," सोजरबाई म्हणाली. "हलवलाच नाई."