गुडघा बदलण्याआधीची किक

आश्विन आला. स्वच्छ, सोनसळी, सुस्नात आश्विन. कळंबा तलावाच्या काठी लव्हाळ्यांना तुरे फुटले, दारोदारी झेंडूचे ढीग पडले, आणि ऊन इतकं मवाळ झालं की गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी खुशाल त्यात खुर्च्या टाकल्या. त्याच उन्हाची एक तिरपी सुवर्णपट्टी मोरबाळ्यांच्या पत्र्याच्या गॅरेजात शिरली आणि तिथल्या तांबड्या टाकीवर जाऊन बसली. बसली ती उठेना.

उठेल कशाला? टाकी होतीच तशी. रक्तवर्णा, सुडौलस्कंधा, निकेलनूपुरधारिणी. खाली एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, अडीचशे सीसी. एके काळी माळावरच्या शर्यतीत या मोटारसायकलनं भल्याभल्यांना धूळ चारली होती. बळवंतराव मोरबाळे तेव्हा पंचविशीचे होते, फाउंड्रीत साचे करत होते आणि वळणावर उजवा गुडघा जमिनीला घासत होते. त्याच गुडघ्यानं आता, सदुसष्टाव्या वर्षी, सूड उगवला होता.

डॉक्टरांनी सांगून टाकलं, दसऱ्यापासून तिसऱ्या दिवशी गुडघा बदलायचा. नवा गुडघा चालेल, जिना चढेल, अंबाबाईला प्रदक्षिणाही घालेल. किक मात्र मारायची नाही, उभ्या जन्मात नाही. आणि या गाडीला बटण नव्हतं. दसऱ्याच्या दिवशी बळवंतरावांच्या पायानं ती सुरू झाली तर झाली, नाहीतर तो पाय तिला पुन्हा कधीच जागी करणार नव्हता.

तीन वर्षं चालली होती ही साधना. बावीस वर्षं गोधडीखाली निजलेली गाडी बळवंतरावांनी सुटी सुटी केली, आणि सुटी सुटी होऊन ती घरभर पसरली. पिस्टन देवघराशेजारी, साखळी परातीत, क्लचच्या चकत्या पापडांच्या डब्यात. कार्ब्युरेटर तर त्यांनी चिंचेच्या पाण्यात घालून कुकरला लावला आणि चार शिट्ट्या काढल्या. कार्ब्युरेटर लखलखला. त्या दिवसापासून मोरबाळ्यांच्या भाताला पेट्रोलचा वास यायला लागला.

हा भात रांधणाऱ्या तारामतीबाई म्हणजे बळवंतरावांची बायको. चाळीस वर्षांचा संसार, सोशिक खरा, पण मुका नव्हे.

"हा कुकर माझ्या सवतीलाच देऊन टाका," त्या टाकीकडे बघत म्हणाल्या. "मला नवा आणा."

नवा कुकर आला. सवत मात्र घरातच राहिली, आणि दिवसेंदिवस देखणी होत गेली.

खंडेनवमी उजाडली. कोल्हापुरात लोखंडाशी आयुष्य काढलेल्या माणसाला या दिवसाची थोरवी सांगावी लागत नाही. त्या दिवशी हत्यारं राबत नाहीत, त्या दिवशी हत्यारं पाटावर बसतात. पाने बसले, पक्कड बसली, हातोडा बसला. तेलकट, तपस्वी मंडळी सगळी, हळदीकुंकवानं माखून झेंडूखाली निवांत. गाडी जुळून तयार होती. फक्त हवेच्या फिल्टरचा डबा तेवढा लावायचा राहिला होता, त्यामुळे कार्ब्युरेटरचं तोंड उघडं होतं. पण आज पान्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

"कार्ब्युरेटरला बोट लावू नकोस," बळवंतरावांनी बायकोला बजावलं. "हळदीचा कण जरी आत गेला तरी तीन वर्षं पाण्यात."

तारामतीबाईंनी टाकीवर स्वस्तिक काढलं, हॅण्डलला हार घातला आणि त्या हात मागे घेऊन उभ्या राहिल्या. मग बळवंतरावांचा ऊर भरून आला. डोळे मिटले, ओंजळ भरली, आणि कुंकवात भिजलेल्या अक्षता त्यांनी गाडीवर अशा उधळल्या की भाचीच्या लग्नात मामानंही उधळल्या नसतील. टाकीवर पडल्या, सीटवर पडल्या, सिलिंडरच्या पाकळीपाकळीत पडल्या. एक दाणा त्या उघड्या तोंडातून थेट आत गेला. डोळे मिटलेले असल्यामुळे बळवंतरावांना तो दिसला नाही.

आणि दसरा. सकाळ पिवळी, अंगण पिवळं, बळवंतरावांचा फेटासुद्धा पिवळा. पूजा हलली, पाने मोकळे झाले, फिल्टरचा डबा जागेवर बसला. अर्धी गल्ली गोळा झाली. शेजारचे धोंडिराम चव्हाण तर खुर्ची घेऊनच आले. पेट्रोलचा कॉक उघडला, किल्ली फिरली, उजवा पाय उचलला.

किक. काही नाही.

किक. काही नाही.

किक, आणि गाडीच्या पोटातून एक पोकळ ढेकर.

दहा झाल्या, वीस झाल्या. प्लग काढला, तो पेट्रोलनं ओलाचिंब. पुसला, फुंकला, लावला, पुन्हा ओलाचिंब. गुडघ्यात कळ उठली, कळ मांडीत गेली, मांडीतून कमरेत गेली. पण सुंभ जळाला तरी पीळ जातोय थोडाच. तिसाव्या किकेला धोंडिरामांना राहवलं नाही.

"बळवंतराव, धक्का मारून बघूया काय? चौघं हाय की आम्ही."

"धक्क्यानं काय, ट्रॅक्टर बी चालू हुतोय," बळवंतराव म्हणाले. "किकनंच करणार."

एक्केचाळिसाव्या किकेला पाय खाली आला तो वर गेलाच नाही. बळवंतराव पालथ्या बादलीवर बसले. पीतफेटाधारी, स्वेदजर्जर, पराभूत.

तेव्हा तारामतीबाई स्वयंपाक टाकून बाहेर आल्या. चष्मा चढवला, डबा काढायला लावला आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात डोकावल्या. चाळीस वर्षं तांदूळ निवडलेली नजर ती. तिच्यापासून पांढऱ्यातला पांढरा खडा लपला नाही, तर तांबडा दाणा काय लपणार? अंबाड्यातला आकडा काढून त्यांनी हवेच्या बारीक भोकात फिरवला. भिजून फुगलेला, गुबगुबीत, कुंकुमचर्चित असा एक तांदूळ बाहेर आला. हवेची वाट अडवून बसला होता बेटा. हवा नाही, म्हणून नुसतं पेट्रोल, आणि त्या पेट्रोलात प्लगची आंघोळ.

"तुला सांगितलं होतं हात लावू नकोस," बळवंतराव उसळले.

"मी कुंकू लावलं ते टाकीला," तारामतीबाई म्हणाल्या. "अक्षता कुणी टाकल्या?"

गल्लीनं बळवंतरावांकडे बघितलं. बळवंतरावांनी बादलीकडे बघितलं.

डबा पुन्हा लागला, प्लग कोरडा झाला. बळवंतराव उठायला गेले आणि परत बसले. गुडघा नारळाएवढा झाला होता.

"माझ्यानं न्हाई व्हायचं," ते म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या तोंडून गल्लीनं कधी ऐकलं नव्हतं. तारामतीबाईंनी तर चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांनी नव्या हिरव्या काठपदरी साडीचा पदर खोचला, टाकीवर एक हात टेकला आणि पाय उचलला. पहिली किक सुकी गेली. दुसरीला गाडी खोकली. तिसरीला ती गरजली. गरजली, गदगदली, निळ्या धुराचे लोट सोडत साऱ्या गल्लीला हलवून गेली. पत्र्यावरची कबुतरं उडाली, धोंडिराम खुर्चीतून उठले, पोराटोरांनी टाळ्या पिटल्या.

"झाली की चालू," बळवंतराव म्हणाले.

ते हसलेही, पण ते हसू ओठांच्या आत गेलं नाही. तीन वर्षं ज्या आवाजाची वाट बघितली तो आवाज आला होता, आणि तो त्यांच्या पायानं आणलेला नव्हता. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि बायकोनं गाडी चालू केली म्हणून वाईट वाटतंय याची लाजही वाटली. डोळे त्यांनी फेट्याच्या शेमल्यानं पुसले. धूर गेला म्हणाले.

तारामतीबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. गाडी त्यांनी जरा वेळ तशीच चालू ठेवली. तव्याची धग बघावी तसा इंजिनाजवळ हात धरून बघितला. धग पुरेशी वाटली तेव्हा त्यांनी किल्ली फिरवली.

गाडी बंद. टाळ्या बंद. उन्हात नुसता धूर.

"अवो वैनी," धोंडिराम कळवळले, "चालू हुती की. बंद का केलीसा?"

तारामतीबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"तापलीय आता," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तापलेल्या गाडीला जोर लागत नाही, तुम्हीच सांगता ना? उठा."

बळवंतराव बायकोच्या खांद्याला धरून उठले. चाळीस वर्षांत भर गल्लीत तिच्या खांद्यावर हात ठेवायची ही पहिलीच वेळ, पण आज कोण काय म्हणेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. लंगडत सीटवर बसले, पाय किकवर ठेवला. मारली नाही ती किक. नुसता भार सोडला, हळू, अलगद, जेवढा त्या पायात उरला होता तेवढा.

गाडी बोलली.

पहिल्याच हाकेला बोलली. बळवंतरावांनी पाय खाली घेऊन फूटरेस्टवर टेकवला आणि तिथंच ठेवला. थरथर तळव्यातून निघाली, घोट्यात आली, पोटरी चढली, आणि परवा कापायच्या त्या सुजल्या, थकल्या, तृप्त गुडघ्यात जाऊन घुमत राहिली, घुमत राहिली, घुमत राहिली.