माझा वाकडा पाय

मित्रांनो, मी एक जुना, डगमगणारा बाक आहे. अर्जुनी मोरगावच्या एका महाविद्यालयात असतो. माझी कीव येणार असेल तर पुढे वाचू नका. कीव करणारे मी पुष्कळ पाहिले. जाताना बहुतेकांनी माझ्याच अंगाला बोटांचा चुना पुसला.

१९९९ साली छोटेलाल सुताराने मला घडवले. लाकूड ओले होते. "वाळू द्या, मालक," तो म्हणाला. पण ठेकेदाराला उद्घाटनाची घाई होती. उद्घाटन झाले, हार सुकले आणि त्यांच्यासोबत सुकताना माझा एक पाय वाकला. बसणारा जरा हलला की मी टक टक वाजू लागलो. प्राध्यापक माझ्याकडे असे बघत, जणू त्यांचे व्याख्यान माझ्यामुळेच रटाळ होते. शेवटी मला सायकल स्टँडमागच्या खोलीत टाकून दिले.

बऱ्याच वर्षांनी, २०११च्या पावसाळ्यानंतर, त्या खोलीत तिघे अभ्यासाला येऊ लागले. उर्वशीच्या डोळ्यांपुढे पुस्तकातली अक्षरे जागा बदलत. हर्षाला लहानसा आवाजही कानात खिळा ठोकल्यासारखा लागे. हेमेंद्रला एका जागी बसवत नसे. नागपूरच्या डॉक्टरांनी तिघांच्या अडचणींना वेगवेगळी नावे दिली होती. विभागप्रमुख टेकचंद सरांकडे तिघांसाठी एकच नाव होते: ढ. हे सर स्वतः मात्र जुन्या पिवळ्या कागदावरून तेच ते वाचून दाखवत, आणि कागद हरवला की त्या दिवशी वर्गाला सुट्टी देत.

हेमेंद्रचा अर्थशास्त्राचा पेपर राहिला होता आणि ही शेवटची संधी होती. वडील लक्ष्मीचंद यांनी सांगून टाकले होते, "आता नाई निघाला तं राइस मिलमंदी पोते उचल."

एक दिवस उर्वशीने पुस्तक आपटले. "धानाच्या रोवण्यात मी दिवसभर टिकून राहते. इथं एक पान नाई सरत. काऊन?"

हेमेंद्र म्हणाला, "तिथं साऱ्या बाया संगच वाकल्या राहतात. एकटीनं कोण रोवते, बाई?"

त्याच उत्तरातून त्यांची पद्धत निघाली. धान रोवताना बाया ओळीने उभ्या राहतात आणि प्रत्येकीला आपली पट्टी मिळते. तिला पात म्हणतात. हे तिघेही बसताना आपली पात एकमेकांना सांगू लागले. कोणी एक पान सांगे, कोणी एक उदाहरण. मग सारे गप्प. हर्षा घड्याळ बघे आणि हात वर करून थांबा म्हणे. बाहेर एक चक्कर, पाणी, पुन्हा नवी पात. ज्याचे आधी होई तो मागे राहिलेल्याला हसत नसे, त्याच्या पातीत हात लावी. उर्वशी एकेक शब्द बोटाखाली धरून वाचायची. अक्षरे मी तेव्हा शिकलो. या खोलीत येण्याआधी मी टेकचंद सरांच्याच वर्गात उभा होतो, तिथे मला 'क' कळला नव्हता.

हेमेंद्र माझ्यावर बसे. डोलत राहिला की त्याचे मन पुस्तकावर ठरे. पण माझ्या टकटकीने हर्षा कान दाबून उठली. "तुझा बेंच बंद कर, नाई तं मी घरी जाऊन राहिली!"

"मी नाई हाललो तं मले समजत नाई, बाई."

"मंग हाल. वाजू नको."

हेमेंद्रने सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा माझ्या वाकड्या पायाखाली बांधला. मी डोलू लागलो, पण आवाज गेला. माझी अशी दुरुस्ती पहिल्यांदाच झाली.

ही गोष्ट बाहेर पसरली तेव्हा टेकचंद सरांना एकाएकी जिव्हाळा फुटला. पाहणीसाठी समिती येणार होती ना! दारावर 'मंदगती विद्यार्थी सुधार केंद्र' अशी पाटी लागली. तिघांना तीन भिंतींकडे तोंड करून बसवले. माझी ट्यूब फेकली, पायाखाली लाकडी पाचर ठोकली. "अब देखो, एकदम सीधा!" असे म्हणून सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. समितीने फोटो काढले, चिवडा खाल्ला आणि कागद माझ्याखाली टाकले.

हेमेंद्र बसला. मी हललो नाही. तीच ओळ तो पुन्हा पुन्हा वाचू लागला. तो उठला, म्हणाला, "माह्याकडून नाई होत," आणि निघून गेला. परीक्षा तोंडावर आली, तरी त्याची पात रिकामीच राहिली.

मग हर्षाने दगड आणला. ओढणी कानांवर घट्ट गुंडाळली, डोळे मिटले आणि पाचरीवर घाव घालू लागली. प्रत्येक घावाला तिचेच अंग शहारत होते. पाचर उडाली तेव्हा टेकचंद सर दारात उभे होते.

"ये क्या तोडफोड लगा रखी है?"

"सर, तुम्ही याच्यावर बसून वाचता काय?"

"मैं कायको बैठूँ?"

"मंग तुमाले सरळ कायले पाहिजे?"

सरांनी खिसे चाचपले आणि ते आल्या पावली परत गेले. तेव्हा त्यांच्यापाशी पिवळा कागद नव्हता.

उर्वशी हेमेंद्रला घरून घेऊन आली. ट्यूब पुन्हा बांधली गेली. पेपरच्या दिवशी तिघांनी मला उचलून थेट परीक्षेच्या खोलीत नेले. बाहेरून आलेले पर्यवेक्षक हिरालाल सर म्हणाले, "काऊन रे, बेंच घरून आणला काय?"

"सर, मी हाललो तं लिहिणं होते. याचा आवाज नाई येत, पाहा."

हिरालाल सर वाकले, मला दाबून पाहिले. "बस. टाइम कायले खातोस?" एवढेच म्हणाले. आधी तपासून मग बोलणारा शिकलेला माणूस मी तेवढा एकच पाहिला.

हेमेंद्र पास झाला. टेकचंद सरांनी सत्कारात भाषण केले, "केंद्राने या मुलाला सरळ केले." मी व्यासपीठाशेजारीच होतो. मला वाजायचे होते, पण ट्यूब पक्की होती.

मित्रांनो, आजही मी त्या मागच्या खोलीत आहे. नवी मुले येतात, आपापली पात सांगतात. माझी काळजी घ्यायची असेल तर ट्यूब झिजली की बदला. पायाला हात लावण्याआधी माझ्यावर कोण बसते, ते त्याला विचारा. आणि विचारायला वेळ नसेल, तर तुमची पाचर घेऊन समितीकडे जा.