अंड्याची उगवणचाचणी

आमच्या जिल्ह्याला खोटं ओळखायची शिकवणी फुकटात मिळाली. बियाणं खोटं, औषध खोटं, सरकारी मदतीचं पॅकेज खोटं, आणि पाहणीला येणाऱ्या साहेबाची हळहळ तर सगळ्यांत खोटी. कापसाच्या त्या पडत्या वर्षांत नेर तालुक्यातलं शेंबडं पोरही पाकिटावरचा चमकता शिक्का नखाने खरवडून पाहायचं. तरीही आमच्या सरपंचाने डायनासोरचं अंडं विकत घेतलं.

सरपंच प्रेमसिंग राठोड. अंडं त्याला इंटरनेटवरच्या लिलावात दिसलं. नेरच्या बसस्टँडजवळ अय्याजचं नेट कॅफे आहे. तिथे बोली लावायला अय्याज, आणि त्याच्या खुर्चीमागे उभा राहून 'वाढव अजून' म्हणायला प्रेमसिंग. अंडं मंगोलियाच्या वाळवंटातलं, कोट्यवधी वर्षांपूर्वीचं, दगड झालेलं, सोबत सर्टिफिकेट. ते ग्रामपंचायतीत काचेच्या पेटीत ठेवायचं, आमदाराच्या हाताने उद्घाटन करायचं, मग पर्यटक येतील, असा बेत. आमच्या गावात एसटी येत नाही. पर्यटक येणार होते.

पार्सल फोडलं तेव्हा अर्धं गाव पंचायतीत होतं. अंडं नारळाहून मोठं, तपकिरी, भेगाळलेलं. विठ्ठलराव गावंडे पुढे झाले, सर्टिफिकेट उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "बोगस आहे."

कोणी लक्षच दिलं नाही. दोन हंगामांआधी याच विठ्ठलरावांनी एका बियाण्याचं नाव छातीठोक सांगितलं होतं. गावाने तेच पेरलं आणि गावाची वावरं उघडी राहिली. त्याआधी सोयरीक असो की बैल, त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नव्हतं. नंतर ते बोलायला लागले की माणसांना घरची कामं आठवायची. बायको, इंदुताई, तेवढी ऐकायची, तीही भाकऱ्या थापता थापता.

"काका, तुमाले सरकी ओळखू आली नाही, अंडं काय ओळखसान?" प्रेमसिंग म्हणाला. लोक हसले.

"पोळलो म्हणूनच ओळखतो. चार शिक्के, चमकता स्टिकर अन् गोऱ्या माणसाचा फोटू. माह्या त्या पाकिटावरबी हेच होतं. खऱ्या मालाले एवढा नट्टापट्टा कायले लागते?"

हे अय्याजला झोंबलं. "चाचा, सेलरची रेटिंग नव्याण्णव टक्के आहे. मी खुद पाह्यली."

"त्या बियाण्याचीबी उगवण नव्वद टक्के होती. पाकिटावर छापेल."

मागून रामधन पानवाला बोलला, "मंग अंड्याचीबी उगवण तपासून घ्या न."

तो बोलला टोमण्याने. विठ्ठलरावांनी ते मनावर घेतलं. आमच्याकडे पेरणीआधी मूठभर बी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. मोड आले तर पेरायचं, नाही तर दुकानदाराची गचांडी धरायची. त्यांनी हिशेब केला, ओलाव्याने रंग सुटेल, आतला चुना उघडा पडेल.

"खरा दगड असन तर पाण्यानं काय होते त्याले? ठेवू द्या मले."

"अन् खरं निघालं तर?" प्रेमसिंगने विचारलं.

"तर या गावात पुन्हा कोणाले अक्कल शिकवणार नाही. तोंडच उघडणार नाही."

"खरं निघो, बाप्पा," रामधन म्हणाला.

अंडं गोणपाटात गेलं. विठ्ठलराव सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायला पंचायतीत. येणारा-जाणारा विचारायचा, "कोंबडी पाठवू का बसाले?" ते रोज गोणपाटावरून हात फिरवून बोटं पाहायचे. रंगाचा डाग नाही. पक्का रंग होता हरामखोराचा. त्यांचं जेवण सुटलं.

"हरलेच तर घरात तरी बोलसान न?" इंदुताई म्हणाली. "नाही तर मी भांडू कोनाशी?"

पाचव्या दिवशी प्रेमसिंगने गाव बोलावलं आणि स्वतःच्या हाताने गोणपाट सोडलं. रंग जागच्या जागी होता. पण भेगेतून दोन हिरवे कोंब वर आले होते.

आधी सावरला तो सरपंच. "जित्तं आहे," तो म्हणाला. "पाहा, अंडं जित्तं आहे."

अय्याज मोबाईलवर फोटो काढायला लागला. इंदुताईने पुढे होऊन एक पान खुडलं, चावलं.

"अंबाडी आहे. मंगोलियात अंबाडी कोन पेरते रे?"

मग अंडं फोडलंच. वरून प्लास्टर, आत काळी माती, शेण, कुटाराचा भुसा. जिंकलेला माणूस हसेल म्हणून आम्ही विठ्ठलरावांकडे पाहिलं. ते ती माती मुठीत घेऊन पाहत होते.

"या चोराच्या मातीत चुकून पडलेलं बी पाच दिवसांत उगवलं," ते म्हणाले. "अन् मले पक्की पावती फाडून देल्लं ते नाही उगवलं."

अय्याजने विकणाऱ्याला तक्रार लिहिली. उत्तर आलं, माल पाण्यात घालून ग्राहकाने खराब केला. उद्घाटन टाळायला आमदाराला गावात रोगाची साथ असल्याचं कळवलं.

आठवड्याने प्रेमसिंग विठ्ठलरावांच्या ओट्यावर आला. पिशवीतून बियाण्याचं पाकीट काढलं आणि खाली पाहत म्हणाला, "काका, यंदा हे पेराव म्हनतो. कसं राहीन?"

दोन वर्षांत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. आत भाकरीची थाप थांबली. विठ्ठलरावांनी पाकीट हातात घेतलं, स्टिकर नखाने खरवडून पाहिला.

"फोडून मूठभर ठेवून जा," शेवटी ते म्हणाले. "पाच रोजांनी सांगतो. अन् तवरक माह्यं नाव कोनाजवळ घेऊ नको."