सुहासिनीचा मार्लिन

"ढील दे! ओढू नकोस!" सुहासिनी जीव खाऊन ओरडली.

बोटीच्या मागच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेला तिचा नवरा गिरीश सकाळपासून उलट्या करून पांढराफटक पडला होता. हातातला गळाचा रॉड वाकला होता आणि रिळावरचा दोर सरसर समुद्रात पळत होता.

"व्हॉट्स शी सेइंग?" कप्तानाने विचारलं. गिरीश दोन्ही हातांनी रॉड धरून धापा टाकत होता.

खरं तर मासा ओढायची ती खुर्ची सुहासिनीची. अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या एका औषध कंपनीत ती केमिस्ट होती आणि दर उन्हाळ्यात हॅटरसच्या बंदरात येऊन मार्लिन या भाल्यासारख्या चोचीच्या मोठ्या माशामागे जायची. गिरीश किनाऱ्यावर पेपर वाचत बसायचा. बोट नुसती दिसली तरी त्याला मळमळायचं. तिला मात्र युरोपातला निळा मार्लिन हवा होता.

"मे-जूनमध्ये पोर्तुगालचं मदेरा बेट, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अझोर्स बेटं," ती जेवता जेवता सांगायची. "बेटं सोडली की लगेच खोल पाणी. बोट चालती ठेवायची, मागे खोटी आमिषं ओढायची. हजार पौंड वजनाचा मासा येतो, गिरीश!"

"पुढच्या वर्षी नक्की," तो म्हणायचा.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत तिला स्ट्रोक झाला. उजवी बाजू लुळी पडली. इतक्या वर्षांचं इंग्रजी पार पुसलं गेलं, मराठी तेवढी उरली. मग गिरीशने अझोर्सची तिकिटं काढली. "तू सांग, मी पकडतो," म्हणाला. हॅटरसची आजची फेरी सरावाची होती.

मासा उसळला. निळा, लखलखता, प्रचंड. स्ट्रोकनंतर पहिल्यांदाच सुहासिनी खळखळून हसली. "उडाला! सैल सोड, सैल!"

गिरीशने घाबरून रिळाचा ब्रेक आवळला. दोर तुटला.



"सॉरी गं. अझोर्सला नाही चुकणार."

"अझोर्स कॅन्सल कर."

"अगं, शिकेन ना मी!"

"तो ओढत होता तेव्हा हाताला कसं वाटलं?"

गिरीशने आठवून पाहिलं. "काहीच कळलं नाही. भीती वाटत होती फक्त."

"ते हाताला जाणवणं, मला तेवढंच हवं होतं रे," ती म्हणाली. "बाकी मासा काय, सोडूनच द्यायचा असतो."

धक्क्यावर शेजारच्या बोटीने आणलेला मार्लिन उलटा टांगला होता. माणसं त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढून घेत होती. गिरीशने तिची चाकाची खुर्ची क्षणभर तिथे थांबवली.

"वळव," सुहासिनी म्हणाली.

त्याने खुर्ची पार्किंगच्या दिशेने वळवली.