पेट्यांना अजून सांगितलेले नाही

"पेट्यांना सांगितलंस का गं?"

पेप्त्सामावशीने पुन्हा विचारले, तेव्हा नेवेंका खिडकीशी उभी राहून खालच्या वळणाकडे पाहत होती. इद्रिया शहराहून निघालेली, शव न्यायची काळी गाडी अजून दिसत नव्हती. आतल्या खोलीत येर्नेय, तिचा बाप, पहाटेपासून पांढऱ्या चादरीवर निजला होता. उशाशी मेणबत्ती, पायाशी चर्चमधल्या पवित्र पाण्याचा पेला आणि त्यात ऑलिव्हची डहाळी. शेजारीपाजारी येत, डहाळीने पाणी शिंपडत, कॉफी घेत आणि आवाज न करता निघून जात.

"सांगते, मावशी."

"सकाळपासून सांगतेच आहेस. गाडी येईल, त्याला घेऊन जातील, आणि त्या मुक्या जीवांना पत्ताच नाही. मग बस रिकाम्या पेट्या पुसत!"

"मग तूच का नाही सांगत?"

"मी?" मावशीने ओला फडका खांद्यावर टाकला. "मी डोंगरापलीकडची. तुझी आई गेल्यापासून या घरातली चूल मी सांभाळते, पण तुझा बाप काय म्हणायचा? 'प्येप्त्सा, तू त्वांड उघाडलंस की पोरी बिथरत्यात.' माश्या म्हणजे त्याच्या पोरीच. वारसानं सांगायचं असतं, घरच्या बोलीत. आणि तू तर त्यातलीच शिकलेली ना? पगार कशाचा घेतेस मग?"

धनी गेला की त्याच्या वारसाने मधमाश्यांच्या पेटीवर बोटाने ठोठावायचे, जुना धनी गेला, आता मी तुमची, असे सांगायचे. देह उंबरा ओलांडण्याआधी सांगायचे. नाहीतर माश्या उठून जातात, किंवा पेटीतच मरून पडतात. या दऱ्यांमध्ये ते कोणी श्रद्धा म्हणून करत नाही. दाराला कडी लावावी तसे करतात. एवढेच तर होते. दोन वाक्ये. आणि ती दोन वाक्ये घरच्या बोलीत आपल्यापाशी उरली आहेत की नाहीत, या धास्तीने नेवेंका पहाटेपासून खिडकीशीच घुटमळत होती.

राजधानी ल्युब्ल्यानातल्या एका भाषासंस्थेत, अंगणाकडे तोंड असलेल्या खोलीत, तिचे अर्धे आयुष्य कानांवर हेडफोन लावून गेले होते. गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या ध्वनिफिती ऐकायच्या. शब्दावरचा सूर चढतो की उतरतो ते ठरवायचे. तोच एक क्षण पुन्हा, पुन्हा ऐकायचा आणि कागदावर चिन्ह करायचे. कोणी खोलीत आलेच, तर ती डोळे न उघडता डावा हात वर करी, आणि येणारा दाराशीच थांबे. बोलींच्या मोठ्या नकाशावर प्रत्येक गावाचा एक ठिपका होता. तिच्या स्वतःच्या गावाचा ठिपका तेवढा ध्वनिफितीविना, पोकळ राहिला होता.

"नेवेंका, अख्ख्या देशाच्या आज्या तुझ्या कानात भाड्यानं राहतात," तिचा सहकारी वोयमीर म्हणे, "आणि सख्खा बाप तेवढा बेघर?"

प्रयत्न तिने केले नव्हते असे नाही. पण ध्वनिमुद्रणाचे यंत्र टेबलावर ठेवले की येर्नेय आत जाई, इस्त्रीचा शर्ट घाली, पाणी लावून केस बसवी आणि बाहेर येऊन रेडिओवरच्या निवेदकासारखा सुरू होई: "आमच्या परिसरात मधमाशीपालन परंपरेने केले जाते."

"बाबा, रोजच्यासारखं बोला ना."

"यंत्रासमोर? पाहुण्यांपुढे आपण विजार घालतो की नाही?"

आणि यंत्र बंद झाले रे झाले, की पाहुणे गेल्यावर मांजर चुलीमागून बाहेर यावे तशी त्याची खरी बोली निवांतपणे बाहेर येई: "झालं का तुझं? आता वाईच धूर धर की गं. पोरी चावाया लागल्यात."

तिची स्वतःची बोली तिने शाळेच्या वसतिगृहात सोडली होती. मुली हसत, म्हणून एका हिवाळ्यात चिखलाचे बूट काढावेत तशी ती दाराबाहेर काढून ठेवली. पुढे दारे इतकी झाली की कोणत्या दाराशी काढली ते आठवेना.

"अगं, जा!" मावशी जवळजवळ ओरडली.

घरामागे आलुबुखाऱ्याची झाडे फुलांनी पांढरी झाली होती. त्यांच्या आडोशाला माश्यांचे लाकडी घर. त्यात फडताळात मांडाव्यात तशा एकावर एक पेट्या, आणि प्रत्येकीच्या दर्शनी फळीवर पणजोबांच्या काळचे चित्र. शेवटच्या फळीवर शिकाऱ्याची अंत्ययात्रा होती: ससे, हरणे, अस्वल त्याला खांद्यावर घेऊन चाललेले, आणि सगळ्यांपुढे गंभीर चेहऱ्याने कोल्हा.

ठोठावण्याआधी तिने हळूच बोलून पाहिले. घशातून आला तो पूर्वेच्या मैदानातला, ध्वनिफितीवरचा एक कुंभार. मग आली समुद्राकडच्या कोरड्या पठारावरची एक विधवा, हेल काढत. मग, सर्वांत वाईट, रेडिओ: "आपल्या धन्याचे आज पहाटे निधन झाले आहे." जन्मभर ऐकलेली माणसे, त्यांतली कितीतरी आता मातीत गेलेली, एकेक करून अदबीने तिच्या तोंडाशी येत होती. बाप त्यांत नव्हता. तिने त्याला आठवून पाहिले: धुरात हलणारे ओठ दिसले, मेणाने पिवळी पडलेली नखे दिसली, आवाज आला नाही. जणू कोणी चित्र ठेवून ध्वनी पुसून टाकला होता.

आणि दुसरे वाक्य? आता मी तुमची. कोणाच्या भरवशावर म्हणायचे? शहरातल्या सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या?

खाली वळणावर इंजिनाचा आवाज आला.

गाडी अंगणात आली, पण वळायला जागा पुरेना, म्हणून चालकाने ती सरळ गवतावर घातली आणि पेट्यांच्या पुढ्यात आडवी उभी केली. रानातून परतणाऱ्या माश्या काळ्या काचेवर आदळू लागल्या. चालक दार उघडून खाली उतरला आणि टोपीने हवा झोडपू लागला.

"आरं ए बाबा! गाडी माघारी घे की रं! पोरींची वाट आडवून हुबा ऱ्हायलास, डोळं हायती का भोकं? आन् टोपी कशापायी हालीवतोयास? तुझं काय खात्यात व्हय त्या?"

"घेतो, घेतो, बाई!" चालक कावराबावरा होऊन आत शिरला.

स्वयंपाकघरात कप फुटल्याचा आवाज झाला. खिडकीत मावशी उभी होती, तोंडावर हात. ती नेवेंकाकडे पाहत नव्हती, तिच्या मागे पाहत होती, जिथे येर्नेय नेहमी उभा राहत असे.

तेव्हा कुठे नेवेंकाला कळले की ते आपल्याच तोंडून आले.

ती हलली नाही. काठोकाठ भरलेले भांडे हिंदकळू नये तशी तोंड मिटून ती पहिल्या पेटीशी गेली. बोट वाकवले. ठोठावले.

"पोरींनो, धनी गेला गं. आता म्या हाय."

दुसरी पेटी. तिसरी. मध्येच एक स्वर शहराकडे झुकला. तिने तो तसाच जाऊ दिला आणि पुढच्या पेटीला पुन्हा सांगितले. तिचे यंत्र पिशवीत, स्वयंपाकघरातल्या बाकाखाली होते. त्याची आठवण तिला झाली नाही.

शिकाऱ्याच्या अंत्ययात्रेपाशी सांगून झाल्यावर तिने फळीला कान लावला आणि डोळे मिटले. आत गुणगुण उठली, चढत गेली, अडखळली. लाकडावर तिच्या उजव्या हाताचे बोट आपसूक हलू लागले, पेन्सिल नसतानाही.

मागे पावले वाजली. कोणीतरी खाकरले. "बाई, निघायचं का?"

डोळे न उघडता तिने डावा हात वर केला. शवपेटी खांद्यावर घेतलेली माणसे मागच्या दाराच्या उंबऱ्याच्या आतच थांबली.