चुलीपाशी धरलेले हात

एनेला सिस्टर ऑपरेशनला न्यायची ट्रॉली घेऊन आली तेव्हा खिडकीजवळची खाट रिकामी होती. चादर नीट घडी करून उशाशी ठेवलेली. म्हणजे नाचिसाले घाबरून पळाली नव्हती, ठरवून उठून गेली होती.

ती कुठे गेली असेल हे एनेलाला ठाऊक होतं. का गेली हेही ठाऊक होतं, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती.

नाचिसाले साठीची. तिचा हर्निया गेल्या महिन्यात अडकला होता. इथल्या डॉक्टर म्बेवे यांनी तो कसाबसा आत सारला आणि बजावलं, पुन्हा अडकला तर वाचणं कठीण. या इस्पितळात शस्त्रक्रिया करणारं कोणी नव्हतं. स्कॉटलंडमधल्या एका चर्चची मंडळी दरवर्षी जूनमध्ये पंधरा दिवस सेवेला येत, तेव्हाच काय ती व्हायची. मंडळी परवा निघणार होती, आणि सर्जन मोराग बाईंचा उद्याचा दिवस भरलेला होता. म्हणजे आज, नाहीतर पुढच्या वर्षी.

ऑपरेशनला नेण्याआधी ती पाच जणं रोग्याच्या खाटेभोवती उभी राहत, हातात हात धरत, आणि त्यांतले वडीलधारे डंकन, निवृत्त शाळामास्तर, डोळे मिटून प्रार्थना म्हणत. एनेला ती रोग्याला इथल्या चिचेवा भाषेत सांगे. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं. पण या डोंगराखालच्या गावांत खाटेभोवती हात धरून उभं राहायचं ते एकदाच, माणूस जायला लागलं की. तो निरोप असतो. आज डंकन आमेन म्हणाले तेव्हा नाचिसालेचा चेहरा राखेसारखा झाला होता. एनेलाने तो पाहिला. पण पाहुण्यांना, तेही प्रार्थनेत, थांबवायचं कसं?

इस्पितळामागे रोग्यांच्या नातेवाइकांच्या चुली होत्या. तिथे चटईवर बसून नाचिसाले लेकीला सांगत होती, मोठं पातेलं कोणाला द्यायचं आणि शेळी कोणाला. लापशी रटरटत होती. तिने पळी तोंडाशी नेली, तोच एनेलाने तिचा हात धरला.

“मावशी, एक घास जरी खाल्लास तरी आज ऑपरेशन होणार नाही.”

“मरायचंच आहे तर भरल्या पोटी मरू दे की. तुझ्या बापाचं काय जातं?”

बाजूच्या बायका हसल्या. एनेलाने परोपरीने समजावलं, की ती प्रार्थना बरं व्हावं म्हणून होती, त्यांच्याकडे तशीच रीत आहे. नाचिसालेचं म्हणणं एकच होतं. रीत त्यांची असेल, पण खाटेवर ती होती.

तेवढ्यात डंकन धुक्यातून टोपी हातात घेऊन आले आणि काय झालं म्हणून विचारू लागले. बाई जरा घाबरल्यात, हे नेहमीचं उत्तर एनेलाच्या ओठांवर आलं होतं. तिने नाचिसालेच्या हातातल्या पळीकडे पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं.

“सगळ्यांनाच असं वाटायचं?” डंकननी विचारलं.

“बहुतेकांना. जे खाटेवर राहिले ते मरायची तयारी करून राहिले.”

“आणि तुला माहीत होतं?”

“दर वेळी, बाबा.”

डंकन मटकन एका ओंडक्यावर बसले. त्यांनी टोपीने तोंड झाकलं. हा म्हातारा का रडतोय, नाचिसालेने विचारलं. एनेलाने तेही सांगितलं. नाचिसाले त्यांच्याकडे पाहत राहिली.

“त्याला म्हणावं, आडवा हो या चटईवर. आम्ही धरतो हात. उठला तर मी येते.”

एनेलाने एकही शब्द न गाळता हे इंग्रजीत सांगितलं. डंकन निमूटपणे आडवे झाले. त्यांचे लांब पाय चटईबाहेर राखेत गेले, तशा बायका खुसखुसल्या. मग बायकांनी डंकनभोवती एकमेकींचे हात धरले, नाचिसाले हळू आवाजात बोलू लागली, आणि हसणं थांबलं. वर धूर होता आणि चेहऱ्यांचं कडं. डंकनना शब्द एकही कळत नव्हता. एनेलाने पाहिलं, डंकननी चटईची कड मुठीत घट्ट धरली होती.

आमेननंतर त्यांना उठवायला दोघी लागल्या. नाचिसालेने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, पळी झाकणावर ठेवली आणि म्हणाली, “चल.”

ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी बाकीची मंडळी सवयीने हात पुढे करू लागली. डंकननी आपले हात खिशात घातले. ते म्हणाले, “एनेला, यांना काय हवंय ते विचार.”

“बाहेर बसून माझी लापशी राखायला सांग,” नाचिसाले म्हणाली.

चार वाजता मोराग बाई हातमोजे काढत बाहेर आल्या. वेळेवर झालं, आतडं शाबूत आहे, असं त्यांनी सांगितलं. एनेला बातमी घेऊन चुलींकडे गेली. विस्तव केव्हाच विझला होता. डंकन पातेल्याच्या झाकणावर हात ठेवून बसले होते. ऐकून ते म्हणाले, “उद्या मी चुकलो तर मधेच थांबवशील?”

नऊ वर्षांत तिने या माणसांचं हजारदा भाषांतर केलं होतं. हे उत्तर तिचं स्वतःचं होतं.

“थांबवीन, बाबा.”