बजरंगची जागा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी थाळी आहे आणि वर्षातून एकदाच माणसांत येते.

जन्म : संगमनेरला, तांबटाच्या ठोक्यांखाली.

उमेदीची वर्षं : आक्काबाईंच्या घरी. चंपाषष्ठीला माझ्यात पानं, खोबरं, भंडारा ठेवायचा, मग पाच पुरुषांनी ही तळी, म्हणजे मला, उचलून खंडोबाचा येळकोट करायचा. किती मान!

बाकीचं आयुष्य : फळीवर, झुरळांसोबत. ते सोडूनच देऊ.

परवाची चंपाषष्ठी तेवढी सांगते.

पाचवी जागा आक्काबाईंच्या धाकट्या लेकाची, बजरंगची. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून त्यानं थोरल्या भावावर, रंगनाथवर, हात उगारला आणि घर सोडून नागापूरच्या कारखान्यात कामाला निघून गेला. दोन वर्षांनी परवा आला, पण अंगणातच थांबला. माझ्यासारख्यानं देवाच्या तळीला शिवू नये, म्हणाला. रंगनाथ भिंतीकडे बघत बसला. आता गेला तर हा पोरगा पुन्हा यायचा नाही, हे आक्काबाईंना कळत होतं.

तेवढ्यात रंगनाथची कॉलेजात जाणारी लेक, राजनंदिनी, बोलली. देवानं तरी काय केलं? म्हाळसाबाईला फसवून बानूबाईसाठी मेंढरं राखायला गेला. अशाला का पुजायचं?

मी भंडाऱ्यासकट थिजले.

आक्काबाई मात्र हसल्या. "पोरी, जो कधी चुकलाच न्हाई, त्याच्याम्होरं आपलं चुकलेलं तोंड घेऊन जायचं कसं?" मग अंगणाकडे वळल्या. "देव म्हाळसाबाईची बोलणी अजून खातोय. तुलाच फुकटात माफी पायजे व्हय?"

बजरंगनं चपला काढल्या आणि भावाचे पाय धरले.

"दादा, चुकलो."

रंगनाथनं लगेच उठवलं नाही. आईच्या दुखण्यापासून न केलेल्या फोनपर्यंत सगळं ऐकवलं. बोलता बोलताच त्यानं आणि भावकीतल्या तिघांनी मला उचललं. माझी एक बाजू खाली गेली.

"दोन वर्षं तुझ्या जागी शेजारच्या काकासाहेबाला घेतोय आमी. त्यो निम्मा भंडारा सांडतो," रंगनाथ म्हणाला. "धर की. कलंडतीय."

बजरंगनं धरलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

राजनंदिनीनंही भंडारा लावून घेतला. मात्र आपण म्हाळसाबाईच्या बाजूच्या, हे देवाला ऐकू जाईल असं बजावून.

मित्रांनो, मला चिंचेनं घासा, कोरडं पुसा. आणि चुकलेलं कुणी दाराशी आलं, तर आधी पोटभर रागवा. मग आत घ्या.